सर्बेरसला डोकी किती? आणि ग्रीक पाताळाविषयीचे इतर प्रश्न

ग्रीक पुराणकथांतले विचित्र प्राणी आणि मृत्यूनंतरचे जग या विषयावरच्या पुस्तकांबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे: दोन पुस्तके उघडली की दोघांचे जुळत नाही. ते जुळणारही नाही. होमरपासून रोमन काळातल्या लेखकांपर्यंत आठ-नऊशे वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी जे लिहिले, ते आजची पुस्तके एकाच पानावर बसवतात. त्यामुळे खालच्या उत्तरांत शक्य तिथे कोणी लिहिले आणि केव्हा, हे आवर्जून दिले आहे.

प्रश्न : ग्रीक राक्षस आणि पाताळ यांबद्दल मूळ ग्रंथच वाचायचे ठरवले. ‘इलियड’ हातात घेतले, पण दुसऱ्या सर्गात गाडी अडकली ती अडकलीच. सुरुवात कुठून करावी? इंग्रजी अनुवाद चालेल.

उत्तर : दुसऱ्या सर्गात अडीचशेहून जास्त ओळी नुसती जहाजांची आणि सरदारांची यादी आहे. तिथे भले भले अडकतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. शिवाय तुमच्या विषयासाठी ‘इलियड’ची सुरुवात सोयीचीही नाही. ते युद्धाचे काव्य आहे, राक्षस त्यात क्वचित डोकावतात. ते सध्या बाजूला ठेवा.

‘ओडिसी’चे ९ ते १२ हे चारच सर्ग आधी वाचा. ओडिसिअस आपल्या प्रवासाची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतो, तो हा भाग. नवव्यात एकडोळ्या पॉलिफीमस, दहाव्यात जादूगारीण सर्सी, अकराव्यात मृतांची भेट, बाराव्यात सायरन, सिला आणि करिब्डिस. आधीचे आठ सर्ग वाचले नसले तरी काही अडत नाही. तो ट्रॉयहून घरी निघाला आहे, एवढे माहीत असले की पुरे.

त्यानंतर प्राचीन ग्रीक कवी हेसिअड याची ‘थिऑगनी’ घ्या. हे देवांच्या वंशावळीचे काव्य फक्त १,०२२ ओळींचे आहे, पण पहिल्या ओळीपासून सरळ वाचायला गेलात तर नावांच्या गर्दीत दम लागतो. त्यापेक्षा आधी ओळ २७० ते ३३६ वाचा. राक्षसांचे सगळे घराणे तिथे एकत्र भेटते: गॉर्गन, पेगासस, गेरिऑन, अर्धी स्त्री आणि अर्धी नागीण असलेली एकिड्ना, तिची पोरे ऑर्थस, सर्बेरस आणि हायड्रा, शिवाय किमेरा, स्फिंक्स आणि नेमियाचा सिंह. शेजारी कोरा कागद ठेवा आणि आईखाली मुले अशी वंशावळ उतरवत जा. एके ठिकाणी ‘तिने’ म्हणजे नेमके कोणी, हे मूळ ग्रीकमध्येच स्पष्ट नाही, म्हणून वेगवेगळ्या अनुवादांत आई बदललेली दिसेल. तिथे कागदावर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. मग ओळ ७२० ते ८१९ हे टार्टारसचे, म्हणजे पाताळाच्याही तळातल्या तुरुंगाचे, वर्णन. आकाशातून सोडलेली पितळी ऐरण नऊ दिवस आणि नऊ रात्री पडत राहील, दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि पृथ्वीपासून टार्टारस पुन्हा तेवढेच खोल, हे प्रसिद्ध माप याच भागात आहे.

तिसरे, ‘डीमिटरचे स्तोत्र’. हे ४९५ ओळींचे आहे, एका संध्याकाळी होते. डीमिटरची मुलगी पर्सेफनी हिला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो, त्या अपहरणाची सर्वांत जुनी सविस्तर कथा हीच. तिचे एकमेव हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत हाती लागले. त्याआधी कित्येक शतके युरोपातले वाचक ही कथा मुख्यतः रोमन कवी ऑव्हिडच्या लॅटिन काव्यातून ओळखत होते. म्हणूनच दोन आवृत्त्यांची सरमिसळ आजही दिसते. स्तोत्रात पर्सेफनी डाळिंबाचा एकच दाणा खाते आणि वर्षाचा एक तृतीयांश काळ खाली राहते. ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये दाणे सात आणि मुक्काम अर्धे वर्ष.

अपोलोडोरसच्या नावाने चालणारा ‘ग्रंथालय’ हा संग्रह मात्र सलग वाचू नका. तो शब्दकोशासारखा वापरायचा ग्रंथ आहे: नाव शोधा, परिच्छेद वाचा, मिटून ठेवा.

अनुवाद निवडताना समासात मूळ ओळींचे क्रमांक आहेत का, हे सर्वांत आधी पाहा. ते नसतील तर पुढे कोणताही संदर्भ पडताळता येणार नाही. त्यानंतर नावे पाहा. सॅम्युअल बटलरच्या १९०० सालच्या ‘ओडिसी’त ओडिसिअसचा युलिसीस आणि झ्यूसचा जोव्ह झालेला आहे. अनुवाद वाईट नाही, पण दुसऱ्या पुस्तकाशी ताडताना नवखा वाचक गोंधळतो. मरेचा १९१९ सालचा गद्य ‘ओडिसी’, एव्हलिन-व्हाइटने १९१४ साली एकाच खंडात दिलेला हेसिअड आणि होमरी स्तोत्रे, आणि फ्रेझरने १९२१ साली केलेला अपोलोडोरस हे तिन्ही जुने अनुवाद मूळ मजकुराला धरून आहेत. इंग्रजी जरा जुनाट वाटेल. वाहते काव्य हवे असेल तर एमिली विल्सनचा २०१७ सालचा ‘ओडिसी’ घ्या. त्यात ओळींची संख्या मुळाइतकीच ठेवली आहे, त्यामुळे संदर्भ शोधणे सोपे जाते.

प्रश्न : पाताळाच्या दारातल्या सर्बेरस या कुत्र्याला एका पुस्तकात तीन डोकी, दुसऱ्यात पन्नास, आणि एका संग्रहालयाच्या चित्रपुस्तकात चक्क दोन! बरोबर कोणते?

उत्तर : तिन्ही. होमर तर डोकी मोजतच नाही. त्याच्याकडे तो फक्त ‘हेडीसचा कुत्रा’ आहे, त्याला नावही नाही. नाव पहिल्यांदा हेसिअड देतो आणि सोबत पन्नास डोकी, पितळी आवाज आणि कच्चे मांस खाण्याची सवय. पुढे त्याच काव्यात या कुत्र्याची खरी खोड सांगितली आहे: आत येणाऱ्यापुढे तो शेपूट हलवतो, कान पाडतो, आणि बाहेर निघू पाहणाऱ्याला फाडून खातो. पुष्कळ पुस्तके त्याला आत येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी करून टाकतात, तिथे हा बारकावा हरवतो.

पन्नास डोकी ओवीत चालतात, घड्यावर रंगवता येत नाहीत. चित्रकारांनी दोन किंवा तीनवर भागवले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इ.स.पू. ५२५च्या सुमाराचा पाण्याचा एक घडा आहे. त्यावर हेराक्लीस सर्बेरसला ओढत आणतो आहे, तीन डोकी तीन रंगांत, अंगभर वळवळणारे साप, आणि हुकूम सोडणारा राजा युरिस्थिअस भीतीने मोठ्या रांजणात शिरून हात वर करून उभा. अपोलोडोरसने तीन कुत्र्यांची डोकी, अजगराची शेपटी आणि पाठीवर सापांची डोकी अशी नोंद केली आणि पुढे तीन हा आकडा रूढ झाला.

दोन डोक्यांच्या कुत्र्याचे चित्र दिसले तर एक खबरदारी घ्या. सर्बेरसचा भाऊ ऑर्थस हा गेरिऑनच्या गुरांचा राखणदार, आणि अपोलोडोरसने त्यालाच दोन डोकी दिली आहेत. चित्रात गुरे किंवा तीन धडांचा योद्धा (गेरिऑन) असेल तर तो ऑर्थस समजावा. साखळी, दरवाजा किंवा हेडीस-पर्सेफनी शेजारी असतील तर सर्बेरस.

प्रश्न : पाताळाचा नकाशा काढायचा आहे. स्टिक्स, अ‍ॅकेरॉन, कोसायटस, फ्लेगेथॉन आणि लीथी या पाच नद्या कोणत्या क्रमाने येतात? प्रत्येक पुस्तकात मांडणी वेगळी आहे.

उत्तर : मांडणी वेगळी असण्याचे कारण असे की पाचही नद्यांचा एकत्र नकाशा कोणत्याच जुन्या ग्रीक ग्रंथात नाही. ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात सर्सी चार नावे घेते: अ‍ॅकेरॉनमध्ये पिरिफ्लेगेथॉन आणि कोसायटस येऊन मिळतात, आणि कोसायटस ही स्टिक्सची शाखा. लीथी, म्हणजे विस्मृती, तिथे नाही. इ.स.पू. ४०५ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या नाटकात लीथीचे मैदान येते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्येही ते मैदानच आहे, नदीचे नाव अमेलीस, म्हणजे बेफिकिरी. तिचे पाणी कुठल्याही भांड्यात टिकत नाही. ते प्याले की जिवाला सगळ्याचा विसर पडतो. आणि त्याच प्लेटोने ‘फीडो’मध्ये पृथ्वीच्या पोटातल्या प्रवाहांचा अगदी वेगळा आराखडा दिला आहे.

नदी, नावाडी, काठावर ताटकळणारी भुते, मग कुत्रा, मग दुभंगलेली वाट, एका बाजूला टार्टारस आणि दुसऱ्या बाजूला एलिझियम, असा जो सुबक रस्ता पुस्तकांत दिसतो, तो मुख्यतः व्हर्जिलच्या ‘एनीड’मधल्या सहाव्या सर्गातून आला आहे. तो रोमन कवी, इ.स.पू. पहिल्या शतकातला. दफन न झालेल्यांनी शंभर वर्षे काठावर भटकायचे, हा नियम त्याचा. सर्बेरसला गुंगीची मधाळ वडी टाकण्याची युक्तीही त्याच्याच काव्यातली.

तेव्हा नकाशा काढण्याआधी एक निर्णय घ्या: कोणाचे पाताळ? होमरचे असेल तर ते मुळात जमिनीखाली नीट बसतच नाही. जगाभोवती वाहणारी ओशिअनस नदी ओलांडून, सूर्य न दिसणाऱ्या किमेरियन लोकांच्या देशापलीकडच्या काठावर ते आहे. एलिझियमचे मैदान तर होमरने पाताळात ठेवलेलेच नाही. ते पृथ्वीच्या टोकाला आहे, आणि मेनेलॉसला तिथे जागा मिळणार ती पुण्याईमुळे नव्हे, तो हेलनचा नवरा म्हणून, म्हणजे झ्यूसचा जावई म्हणून! सर्वांत नेटका नकाशा व्हर्जिलचा होतो. तो काढायचा असेल तर बिनधास्त काढा, पण शीर्षकात ‘व्हर्जिलनुसार’ हा शब्द घाला. दोघांचे मिळून एकच चित्र काढले तर प्रत्येक नदीपाशी अडाल.

एक पुस्ती. अ‍ॅकेरॉन ही वायव्य ग्रीसमधली खरीखुरी नदी आहे, आणि तिच्या काठी मृतांना प्रश्न विचारण्याचे ठिकाण होते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. कॉरिंथच्या पेरिअँडरने आपल्या मृत बायकोकडे तिथे माणसे पाठवली. ती म्हणाली, मला थंडी वाजते, माझ्याबरोबर पुरलेले कपडे जाळले नव्हते, ते माझ्या काय कामाचे? सोटिरिओस डाकारिस यांनी १९५८पासून तिथे एका टेकडीवर उत्खनन केले आणि भिंतींच्या चक्रव्यूहात तेच ठिकाण सापडल्याचे जाहीर केले. नंतर तिथली पितळी दातेरी चाके दगडफेकी यंत्रांचे भाग असल्याचे ओळखले गेले, आणि ती इमारत तटबंदीचा वाडा असावा हे मत बळावले. जुन्या मार्गदर्शिकांत पहिलेच मत ठामपणे छापलेले आढळते, म्हणून प्रकाशनवर्ष पाहून घ्या.

प्रश्न : हे सगळे कवी आणि तत्त्वज्ञ झाले. सामान्य ग्रीक माणूस मेल्यावर काय होते असे मानत होता? मृताच्या तोंडात नाणे ठेवत, हे खरे का?

उत्तर : नाण्याची प्रथा खरी, पण पुस्तकांत वाचून वाटते तितकी सरसकट नव्हे. होमरला कॅरन हा नावाडीच माहीत नाही. तो नंतर येतो, आणि इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या पांढऱ्या तेलकुप्यांवर होडीत उभा दिसू लागतो. या कुप्या कबरीवर ठेवायच्या असत. कॅरनसाठीचे भाडे बहुतेक लेखक एक ओबोल सांगतात, म्हणजे द्राख्माचा सहावा भाग. अ‍ॅरिस्टोफेनीस मात्र दोन ओबोल करतो. उत्खननात नाणी कधी तोंडात सापडतात, कधी हातात, कधी छातीवर. बहुसंख्य कबरींत मुळी नाणेच नसते. ‘प्रत्येक ग्रीकाच्या तोंडात नाणे’ असे वाक्य दिसले की ते पुस्तक बाकीच्या ठिकाणीही जपून वाचावे.

कवी-तत्त्वज्ञांच्या बाहेर, खऱ्या माणसांच्या श्रद्धेजवळ नेणारी एक वस्तू म्हणजे कबरींत सापडलेले सोन्याचे पातळ पत्रे. जेमतेम काही सेंटिमीटरचे, त्यांवर टोकदार साधनाने कोरलेली बारीक अक्षरे, आणि बऱ्याचदा घडी घालून मृताच्या अंगावर ठेवलेले. दक्षिण इटलीतल्या हिपोनिअन येथे १९६९ साली एका स्त्रीच्या कबरीत सापडलेला पत्रा इ.स.पू. ४००च्या सुमाराचा आहे. त्यात मेलेल्या बाईला रस्ता समजावून दिला आहे, अगदी घरातल्या माणसाने सांगावा तसा. आशय असा: हेडीसच्या घरी उजव्या हाताला झरा लागेल, जवळ चमकणारा पांढरा सायप्रस उभा असेल. मेलेले जीव तिथे उतरतात, तहान भागवतात. तू त्या झऱ्याजवळही जाऊ नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्यातून वाहणारे थंड पाणी आहे, त्यावर राखणदार आहेत. ते विचारतील, अंधारात काय शोधतेस? तू सांग, मी पृथ्वीचे आणि तारांकित आकाशाचे लेकरू, तहानेने जीव चालला आहे, स्मृतीच्या तळ्याचे थंड पाणी द्या.

लीथीच्या उलट हे. सगळे विसरतात तिथे आपल्या माणसाने विसरू नये, म्हणून कोणीतरी सोन्यावर कोरून दिलेली ही शिदोरी आहे. पाताळावरची कविता-नाटके पुष्कळ, पण हा पत्रा अंगावर घेऊन कोणी तरी खरोखर गेले होते, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

इथेही दोन पत्र्यांत फरक आहे. हिपोनिअनच्या पत्र्यात टाळायचा झरा उजवीकडे, पेटेलियाच्या पत्र्यात डावीकडे. थेसलीतल्या पेलिनाचे पत्रे आयव्हीच्या पानाच्या आकाराचे आहेत आणि त्यांत रस्ता नाहीच. ‘आत्ताच मेलीस आणि आत्ताच जन्मलीस’, पर्सेफनीला सांग की मद्यदेव बाखसने स्वतः मला सोडवले, असा निरोप आहे. या पत्र्यांवरचे पुस्तक घेताना प्रत्येक पत्र्याचा मजकूर स्वतंत्रपणे, ठिकाण आणि काळ देऊन छापला आहे का, ते बघा. सगळ्यांचे तुकडे जोडून एक ‘मूळ’ तयार केलेले असेल तर हे फरक गाडले जातात. जुनी पुस्तके इथे अपुरी पडतात, कारण हिपोनिअनचा मजकूर १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि पेलिनाचा १९८७ साली.

प्रश्न : मुलीसाठी पौराणिक प्राण्यांचा सचित्र कोश घ्यायचा आहे. चांगला कोणता, हे दुकानात उभ्या उभ्या कसे ओळखावे?

उत्तर : पाच नोंदी उघडा.

एकशिंगी घोडा. ग्रीक पुराणकथांच्या विभागात तो असेल तर चूक. ग्रीकांच्या कथांत तो कुठेच नाही. इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसिअस याने हिंदुस्थानातले रानगाढव म्हणून त्याचे वर्णन केले: अंग पांढरे, डोके गडद तांबडे, डोळे निळे, शिंग दीड हात लांब, बुडाशी पांढरे, मध्ये काळे, टोकाला लाल. त्याच्या दृष्टीने ही प्राणिशास्त्राची माहिती होती.

क्रॅकन. हा उत्तरेकडचा, नॉर्वेच्या समुद्रातला. १९८१च्या एका चित्रपटाने त्याला पर्सिअसच्या कथेत आणून सोडले. अँड्रोमेडाला गिळायला आलेल्या जलचराला ग्रीक ‘केटॉस’ म्हणत.

सायरन. शेपटी माशाची असेल तर ती मध्ययुगातली. ग्रीक चित्रांत तिचे अंग पक्ष्याचे आणि डोके बाईचे. होमर तर अंगाचे वर्णनच करत नाही, फक्त त्या दोघी आहेत एवढे व्याकरणावरून कळते.

फिनिक्स. हिरोडोटसच्या वर्णनात आग नाही. पाचशे वर्षांनी एकदा हा पक्षी आपल्या बापाचे शव गंधरसाच्या गोळ्यात भरून अरबस्तानातून इजिप्तला आणतो, एवढेच. ज्वाळांतून पुनर्जन्म हा नंतरचा, रोमन काळातला भाग.

पँडोरा ही प्राणी नव्हे, पण अशा कोशांत ती असतेच. हेसिअडने तिच्या हाती धान्य-तेलाचा मोठा रांजण दिला आहे. त्याची पेटी केली ती सोळाव्या शतकात इरॅस्मसने, लॅटिनमध्ये लिहिताना.

पाचही नोंदी अचूक मिळणे कठीण. तीन ठिकाणी तरी ‘आधी असे होते, नंतर असे झाले’ ही वाक्यरचना दिसली तर कोश घ्यायला हरकत नाही. चित्रे कितीही देखणी असली तरी नोंदीखाली कवीचे नाव नसेल तर ठेवून द्या.

प्रश्न : ग्रीक पाताळात छळ करणारे राक्षस असतात का?

उत्तर : फारच थोडे. तिथली शिक्षा बहुतेक वेळा स्वतःच चालू राहते: सिसिफसचा धोंडा घरंगळतो, टँटॅलसचे पाणी ओसरते. मारणारे कोणी उभे नसते. याला सर्वांत ठळक अपवाद ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने नोंदवला आहे. इ.स. दुसऱ्या शतकात त्याने डेल्फीला पॉलिग्नोटस या चित्रकाराचे भलेमोठे भित्तिचित्र पाहिले. तेव्हाच ते सुमारे सहाशे वर्षे जुने होते. चित्र आज नष्ट झाले आहे, पण त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एकेका आकृतीचे वर्णन आहे, आणि पाताळावरच्या कुठल्याही आधुनिक पुस्तकाइतके ते वाचनीय आहे.

त्यात युरिनोमस बसला आहे. रंग निळा आणि काळा यांच्या मधला, मांसावर बसणाऱ्या माशांसारखा. दात विचकलेले, बुडाखाली गिधाडाचे कातडे. तिथले वाटाडे सांगत की तो प्रेतांचे मांस खातो आणि नुसती हाडे शिल्लक ठेवतो. पॉसेनिअस तिथेच थांबत नाही. तो म्हणतो, होमरच्या ‘ओडिसी’त किंवा पाताळाचे वर्णन असलेल्या इतर दोन जुन्या काव्यांत मला हा युरिनोमस कुठे सापडला नाही. म्हणजे पडताळून पाहण्याची ही रीत अठराशे वर्षांहून जुनी आहे.

त्याच चित्रात ऑक्नस बसलेला असतो. तो दोर वळतो आहे, आणि शेजारी उभी गाढवी वळलेला दोर तितक्याच वेगाने खाते आहे. पॉसेनिअसने दिलेला खुलासा असा, की हा कष्टाळू माणूस आणि त्याची बायको उधळी, तो मिळवी ते ती उडवी. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपली म्हण इतक्या नेमकेपणाने चित्रात उतरलेली दुसरीकडे सापडणे अवघड.

‘बेडूक’ नाटकातली एंपुसाही पाहा. बैल, खेचर, बाई, कुत्रा अशी भराभर रूपे पालटणारी, एक पाय पितळेचा आणि एक शेणाचा.

प्रश्न : हे प्राणी जीवाश्मांवरून सुचले, असे एका पुस्तकात वाचले. पटते का?

उत्तर : अर्धे पटते. ग्रीकांना प्रचंड हाडे सापडत आणि ती ते वीरांची मानत, याला भक्कम आधार आहे. टेगीआ येथे सात हात लांबीची शवपेटी आणि तिच्यात तेवढाच सांगाडा मिळाला, तो ओरेस्टिसचा म्हणून स्पार्टावाल्यांनी नेला, असे हिरोडोटस लिहितो. सात हात म्हणजे तीन मीटरहून अधिक. अशी उदाहरणे अ‍ॅड्रिएन मेयर यांच्या २००० सालच्या पुस्तकात चांगली गोळा केलेली आहेत. पण ग्रिफिन (सिंहाचे अंग आणि गरुडाचे डोके असलेला प्राणी) हा गोबीच्या वाळवंटातल्या प्रोटोसेराटॉप्स या डायनोसॉरवरून आला, ही पुढची उडी डळमळीत आहे. ग्रीकांच्या कित्येक शतके आधीपासून पश्चिम आशियाच्या कलेत ग्रिफिन आहेत, क्रीटमधल्या नोसोसच्या सिंहासनकक्षात भिंतीवर रंगवलेले आहेत. एकडोळा सायक्लॉप्स म्हणजे हत्तीची कवटी, हे ओथेनिओ आबेल यांनी १९१४ साली मांडले. कवटीच्या मधले सोंडेचे भोक पाहिले की कल्पना सुंदर वाटते, पण तसे म्हणणारा एकही प्राचीन लेखक नाही.

प्रश्न : हेडीसला ‘यम’ आणि स्टिक्सला ‘वैतरणी’ म्हटले तर मराठी वाचकाला सोपे जाईल ना?

उत्तर : पहिल्या पानावर सोपे जाईल, दहाव्या पानावर अडचण होईल. हेडीस जीव घ्यायला येत नाही. मृत्यू म्हणून थॅनॅटॉस वेगळा आहे. तो सहसा न्यायही करत नाही. प्लेटोच्या ‘गॉर्जिअस’मध्ये ते काम मिनॉस, ऱ्हाडामँथस आणि इयाकस यांचे आहे. स्टिक्सवर देव शपथ घेतात आणि खोटी शपथ घेणारा देव हेसिअडच्या म्हणण्यानुसार एक वर्ष निश्चेष्ट पडून राहतो आणि पुढची नऊ वर्षे देवांच्या पंगतीतून बाहेर. वैतरणीत हे कुठे बसवणार? नाव ग्रीकच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला अर्धे वाक्य समजावून द्या.

प्रश्न : कादंबरीत मृतांना बोलावण्याचा प्रसंग लिहायचा आहे, होमरच्या काळाला शोभेल असा. विधी नेमका कसा होता?

उत्तर : ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात तो पायरी पायरीने दिला आहे. तलवारीने एक खड्डा खणायचा, एक हात लांब आणि तेवढाच रुंद. हा हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. खड्डा लहान आहे, हे लक्षात ठेवा. चित्रकार तिथे विहीर काढतात. त्याच्याभोवती सर्व मृतांसाठी आधी मध-दूध, मग गोड मद्य, मग पाणी ओतायचे, वरून पांढरे सातूचे पीठ भुरभुरायचे. घरी परतल्यावर एक वांझ गाय आणि मृत द्रष्टा टायरीसिअस याच्यासाठी वेगळा काळा मेंढा देईन, असा नवस बोलायचा. मग एक मेंढा आणि एक काळी मेंढी, त्यांची तोंडे काळोखाकडे करून, मारायची आणि रक्त खड्ड्यात सोडायचे. मारणाऱ्याने स्वतःची नजर मात्र मागे, ओशिअनस नदीकडे वळवायची, असे सर्सीने बजावलेले आहे.

चुका होतात त्या यापुढे. मृत गर्दी करून येतात, आणि ओडिसिअस उपसलेली तलवार घेऊन त्यांना रक्तापासून दूर ठेवतो. टायरीसिअस प्यायल्याशिवाय कोणालाही पिऊ द्यायचे नसते, समोर सख्खी आई असली तरी. सगळ्यांत आधी येतो तो एल्पेनॉर, सर्सीच्या छपरावरून दारूच्या नशेत पडून मेलेला सोबती. त्याचे अजून दहन झालेले नाही, आणि तो रक्त न पिताच बोलतो. मला जाळा, माझ्या ढिगाऱ्यावर माझे वल्हे रोवा, एवढेच त्याचे मागणे.

आई अँटिक्लिआ तिथेच बसून असते, पण मुलाला ओळखत नाही. रक्त प्यायल्यावर ओळखते. तो तिला तीनदा मिठी मारायला जातो आणि ती तीनदा सावलीसारखी हातांतून निसटते. कादंबरीत या ठिकाणी भुताचा थंडगार स्पर्श घालण्याचा मोह होईल. होमरच्या मृतांना स्पर्शच नसतो. स्नायू हाडे-मांस धरून ठेवत नाहीत, ते सगळे आगीत गेले, असे ती आई त्याला समजावते.

आणखी एक गोष्ट: पात्राला पायऱ्यांवरून खाली उतरवू नका. ओडिसिअस खड्ड्याच्या काठावरच आहे, मृत त्याच्याकडे वर येतात. सर्गाच्या शेवटी तो सिसिफस, टँटॅलस यांना जणू आत जाऊन पाहिल्यासारखे वर्णन करतो, ही विसंगती प्राचीन टीकाकारांनाही खटकली होती. तुमच्या प्रसंगाला तो भाग लागणार नसेल, तर ओळ ५६५च्या आसपास थांबा. तिथे अजॅक्स एक शब्दही न बोलता पाठ फिरवून निघून जातो.